अळणी खिचडी

डॉक्टरांनी अम्मीला रोजे धरायची मनाई केली, तेव्हा तिनं राग काढला माझ्यावर. दवाखान्यात मीच तिला घेऊन गेले होते, रिपोर्टही मीच टेबलावर सरकवले होते, त्यामुळे सगळा कट माझाच, असं तिनं ठरवून टाकलं. डॉक्टर गुजराती, वयानं तिच्या मुलासारखे. हात जोडून म्हणाले, "माजी, रोजो नथी राखवानो." मग माझ्याकडे बघून हिंदीत समजावलं, की इन्सुलिन चालू आहे, जेवण वेळेवर गेलंच पाहिजे. अम्मीनं गोड हसून मान डोलावली. रिक्षात बसल्यावर मात्र तोंड फिरवून घेतलं, ते किलवणी नाका येईपर्यंत. मग म्हणाली, "परकर नेसत होते तवापासून रोजे धरते मी. आणि हा कालचा पोरगा मना सांगतो!"

माझं माहेर रायगडातलं, खाडीकाठचं. अब्बा गेल्यावर अम्मी काही वर्षं गावी एकटीच राहिली. साखर वाढली, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा आम्ही तिला सिल्वासाला आणलं. मी इथल्या मराठी शाळेत शिकवते, नवरा एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. अम्मीला हे गाव आवडेल असं मला वाटलं नव्हतं. समुद्र नाही, मासळी वापीहून येते, आणि वारा फिरला की कारखान्यांचा वास घरात शिरतो. पण तिनं महिन्याभरात बस्तान बसवलं. गुजराती भाजीवालीशी ती आमच्या कोकणीत भांडायची, ती बाई गुजरातीत उत्तर द्यायची, आणि दोघींनाही आपण जिंकलो असं वाटायचं.

रमजानच्या पहिल्या दिवशी अम्मी माझ्यासोबत पहाटे सेहरीला उठली. आम्हाला वाढते म्हणाली. मी शाळेतून परत आले तर ती पलंगाच्या कडेला बसलेली, चेहरा घामानं डबडबलेला, हात थरथरतायत. ओट्यावर सकाळचा नाश्ता जसाच्या तसा झाकलेला. मी साखरेचं पाणी करून आणलं. तिनं ओठ घट्ट मिटले. मी रडायलाच लागले, तेव्हा कुठे प्याली. थोड्या वेळानं रंग परत आला तसं म्हणाली, "दोन तासांनी तर सुटला असता."

मी सरळ मामूंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मामू म्हणजे अम्मीचे थोरले भाऊ. आयुष्यभर शाळामास्तर होते, निवृत्त झाल्यापासून घरात किताबांचा ढीग घेऊन बसलेले असतात. मास्तरकीमुळे त्यांची बोली पुस्तकी झाली आहे. गावात लोक मौलानांकडे जायच्या आधी त्यांच्याकडे जातात, कारण ते ओरडत नाहीत.

"रोजा कुणासाठी धरला होतास?" त्यांनी विचारलं.

"कुणासाठी म्हणजे? अल्लासाठी."

"आजाऱ्यानं धरू नये ही सूटही त्यानंच दिली आहे. मग तू त्याचं ऐकलंस की तुझ्या हौसेचं?"

"उपाशी ऱ्हायची कुणाला हौस असते, भाई?"

"तुला आहे. लहानपणापासून बघतोय."

मला हसू आवरेना. अम्मीनं माझ्याकडे डोळे वटारले. मामू मात्र शांतपणे बोलत राहिले. म्हणाले, "हे बघ, काम चांगलं ठरायला दोन गोष्टी लागतात. ते मनातून कुणासाठी केलं, ही एक. आणि जसं करायला सांगितलंय तसं केलं का, ही दुसरी. तुझी नियत चोख आहे, त्याबद्दल वाद नाही. पण नुसती नियत असून भागत नाही. हे शरीर तुझ्याकडे अमानत आहे, सांभाळायला दिलेलं. दुसऱ्यानं विश्वासानं ठेवायला दिलेली वस्तू आपण अशी आपटतो का?"

अम्मीनं लहान मुलीसारखं विचारलं, "मग मी काय करू? नुसती बसू?"

"फिदया दे. बरा होण्यातला आजार नाही तुझा, तेव्हा प्रत्येक रोज्यामागे मापभर धान्य गरजूला द्यायचं. आपल्या शाफई पंथाच्या लोकांत तांदूळच देतात. तेवढं केलंस की तुझ्यावरचं ओझं उतरलं."

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं चांगला तांदूळ आणला. अम्मीनं तो स्वतः निवडला, मापला, आणि मशिदीतल्या लोकांनी सुचवलेल्या एका विधवा बाईच्या घरी आम्ही पोचवून आलो. धर्माच्या हिशेबानं विषय संपला होता. पण अम्मी घरी येऊन खिडकीशी बसली आणि म्हणाली, "माप भरलं गो बाय, मन नाय भरलं."

तिचे ते पहिले दिवस बघण्यासारखे होते. रोजा धरण्यापेक्षा न धरणं तिला अवघड जात होतं. आमच्यासमोर खायला तिला लाज वाटायची. स्वयंपाकघराचं दार लोटून, भिंतीकडे तोंड करून ती खाखरा खायची. खाखऱ्याचा आवाज काही केल्या लपत नाही. एकदा नवरा नळ बघायला दार ढकलून आत आला, तर ती खाखरा तोंडात धरून तशीच थांबली, चावेना की गिळेना. तो मागच्या पावली बाहेर गेला आणि जिन्यात जाऊन हसला.

आमच्या बिल्डिंगच्या मागे खोल्यांची एक रांग आहे. तिथे नंदुरबार-धुळ्याकडून आलेल्या बायका भाड्यानं राहतात. कुणी धाग्याच्या कंपनीत, कुणी प्लास्टिकच्या, बहुतेक पॅकिंगला. संध्याकाळी सहाच्या सुमाराला त्या परत येतात. अम्मी खिडकीत बसून त्यांना बघायची. एक दिवस मला हाक मारून म्हणाली, "ती बघ. आल्या आल्या पायरीवर बसली. चहात पाव बुडवून खाते. कालपण पावच खाल्लान."

"दमून येतात ग. लगेच चूल पेटवायचं जिवावर येतं."

थोड्या वेळानं अम्मी मामूंना फोन करून विचारत होती, "भाई, तांदूळ दिले ते फिदयाचे. त्याच्यावर आणखी शिजवून कुणाला खायला घातलं तर चालतं का? आपल्यातल्या नसल्या तरी?"

मामू म्हणाले, "तो सदका झाला. तुझ्या खुशीचा. तिथे भुकेलेल्याला जातपात विचारायची नसते. शेजाऱ्याचा हक्क तर वेगळाच. पण तुझी तब्येत सांभाळून."

झालं. अम्मीच्या अंगात दहा वर्षांपूर्वीची अम्मी संचारली. तिला आकणी करायची होती, मटणाचा भात. तळमजल्यावरच्या वहिनींनी तिला अडवलं. वहिनी चिपळूणच्या, त्यांचे यजमान इथल्या सरकारी कचेरीत आहेत. त्या म्हणाल्या, "काकू, त्या खानदेशातल्या. दोघीतिघींच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, बघितलं नाहीत का? वशाट करू नका, कुणीतरी उपाशी राहील." अम्मीला हे पटलं. वालाची खिचडी ठरली, नारळाच्या दुधातली, वर तळलेला कांदा. वहिनींनी गणपतीत महाप्रसादाला काढतात ते मोठं पातेलं दिलं. देताना म्हणाल्या, "घासून ठेवलंय. फक्त बुडाला लागू देऊ नका."

पहिल्या दिवशी त्या बायका लांबच उभ्या राहिल्या. फुकट कोण देतं, असा संशय. त्यांच्यात एक होती, उंच, आवाज खणखणीत, हसायला लागली की रांगेच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. ती पुढे होऊन अहिराणी वळणात म्हणाली, "मावशी, काय कार्यक्रम शे?"

"कार्यक्रम नाय. रमजान हाय. मना रोजा धरता येत नाय, म्हणून तुमाला जेवायला घालते."

तिनं जरा विचार केला. "म्हणजे तुमची भूक आम्ही खायची?"

अम्मी इतकी हसली की तिच्या हातातला डाव गदगदला. त्या दिवसापासून पार्किंगच्या कडेला रोज पंगत बसायला लागली. आम्ही सगळे रोज्यात, मी नाकात तो वास घेत वाढायची, आणि रोजा सुटायच्या मगरिबच्या अजानला अजून अर्धा-पाऊण तास असायचा. पण खरं सांगते, मला त्या महिन्यात भूक जाणवलीच नाही. अम्मी खुर्ची टाकून मधोमध बसायची आणि कुणाच्या ताटात काय संपलं ते तिला आधी कळायचं. दिवसभर मशीनसमोर उभ्या राहिलेल्या बायका खाता खाता सैलावत जात. सुपरवायझरच्या नकला होत. नारळाच्या दुधातले वाल त्यांनी कधी खाल्ले नव्हते. "मावशीच्या हाताला चव भारी शे," असं ती उंच बाई चारचौघांत जाहीर करायची, आणि अम्मी म्हणायची, "खा गो, खा. चव अल्लानं दिली, मी नुसती ढवळते."

त्यांच्यातल्या एका तरुण पोरीनं मोबाईलवर व्हिडिओ काढला. पातेल्यातून वाफ निघतेय, अम्मी डोक्यावरचा पदर सावरत डाव फिरवतेय. तो त्यांच्या गावापर्यंत गेला, आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर आला, माझ्या शाळेतल्या बाईंनीही बघितला. अम्मी दिवसातून दोनदा मला म्हणायची, "जरा दाखव ते परत." एका संध्याकाळी खाली उतरताना तिनं ईदला नेसायची मोतिया रंगाची साडी नेसली होती. सत्तरीची बाई, नटली तर नटली. मला तर छानच वाटलं.

जिन्याच्या आरशात तिनं स्वतःला बघितलं आणि तिथेच थांबली. मग मागे वळली, साडी बदलून आली.

दुसऱ्या दिवसापासून पातेल्यात खिचडी उरायला लागली.

मला आधी वाटलं, एखादीला सुट्टी असेल, कुणी गावी गेलं असेल. बायका निमूट खात होत्या, पण दुसऱ्यांदा मागत नव्हत्या. सुपरवायझरच्या नकला बंद. घरात चव बघायची सोय नव्हती, आम्ही सगळे रोजेदार, चव घेणारी एकटी अम्मीच. मी विचारलं, "अम्मी, बरोबर झालीय ना?" ती म्हणाली, "झालीय." असे दोन-तीन दिवस गेले. शेवटी त्या उंच बाईला राहवलं नाही. घास हातात धरून म्हणाली, "मावशी, राग नका मानू. खिचडी आजारी शे का?"

वहिनी तिथेच होत्या. त्यांनी चमचाभर घेऊन तोंडात घातली आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी घाबरले. "काकू, मीठ विसरलात का? आणि नारळही दिसत नाही. फोडणीसुद्धा..."

"विसरले नाय," अम्मी म्हणाली.

"मग?"

"घातलंच नाय."

अम्मी उठली आणि जिना चढून वर निघून गेली.

मी मागोमाग पळाले. डोक्यात भलतेसलते विचार, म्हाताऱ्या माणसाचं डोकं असं अचानक बिघडतं म्हणतात. आधी बोटाला सुई टोचून साखर बघितली. साखर उत्तम होती. मी तिच्यासमोर खाली बसले. "अम्मी, काय झालंय ते सांग."

तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं. व्हिडिओ आल्यापासून तिला सकाळपासून संध्याकाळची ओढ लागायची. बायका काय म्हणतील, आज कोण काढेल व्हिडिओ, वहिनी कुणाकुणाला सांगतील. आरशात त्या साडीत स्वतःला बघितलं तेव्हा तिला कळलं, आपण खिचडी वाढायला नाही, वाहवा घ्यायला निघालोय. "माझी नियत नासली, बाय. सगळं पाण्यात गेलं. मग म्हटलं, चवच काढून टाकू. चव नाय तर वाहवा नाय. वाहवा नाय तर नियत साफ."

मला हसू येत होतं, आणि तिचे डोळे भरलेले होते.

इफ्तार झाल्यावर तिनंच फोन मागितला. मामूंना सगळं सांगितलं, साडीसकट. पलीकडून काही वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग कळलं, मामू हसू दाबत होते.

"बरं, मला सांग," ते म्हणाले, "मीठ कुणाचं?"

"म्हणजे?"

"नियत तुझी आहे. ती साफ करायचा तुला हक्क आहे. पण ताटातलं मीठ त्यांचं आहे. तू त्यांना जेवायला बोलावलंस, त्या पाहुण्या झाल्या. पाहुण्याला चांगलं वाढायचं, हा त्यांचा हक्क. आपलं मन धुवायला दुसऱ्याचं जेवण बिघडवायचं, हे कुठल्या किताबात आहे?"

अम्मी पदराच्या टोकाशी चाळा करत ऐकत होती.

"आणखी एक," मामू म्हणाले. "लोक बघतात म्हणून चांगलं करायचं, हा दिखावा. ते मान्य. पण लोक बघतात म्हणून चांगलं करायचं सोडलंस, तरी तू लोकांकडेच बघत राहिलीस ना? काम नीट करायचं, सुंदर करायचं, हेही आपल्याला सांगितलेलं आहे. त्यालाच एहसान म्हणतात. अल्ला बघतोय असं समजून करायचं. आणि अल्लाला काय तू अळणी खिचडी दाखवणार?"

"पण भाई, मना बरं वाटतं त्यांनी वाखाणलं की. लई बरं वाटतं."

"वाटू दे. चांगलं काम झाल्यावर जिवाला जो आनंद होतो तो काही गुन्हा नाही. तो वरून आलेला खाऊ समज. त्या खाऊसाठीच काम करायला लागलीस तर सांभाळायचं." मग त्यांनी मास्तरांच्या आवाजात विचारलं, "खरं सांग. कुणीच बघणार नसतं, कुणी नाव घेणार नसतं, तर खिचडी केली असतीस?"

"केली असती," अम्मी लगेच म्हणाली.

"इतकीच चांगली?"

आता तिनं वेळ घेतला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती अगदी प्रामाणिकपणे मनात पातेलं मांडून बघत होती. मग हळूच म्हणाली, "एक नारळ कमी घातला असता."

मामू इतके हसले की त्यांना ठसका लागला. माझा नवरा दारात उभा होता, तोही हसला, आणि अम्मी स्वतःही. ठसका थांबल्यावर मामू म्हणाले, "मग त्या जास्तीच्या नारळाची तोबा कर. आणि नारळ घालत जा."

दुसऱ्या दिवशी खिचडीचा वास जिन्यातूनच खाली उतरला. बायका अजून चपला काढत होत्या तोच अम्मी खुर्चीतून उठून उभी राहिली. म्हणाली, "ऐका गो. मी माझ्या मनाचं औषध तुमच्या ताटात घातलं. माझं चुकलं. मना माफ करा."

कुणालाच नीट समजलं नाही. मग वहिनींनी थोडक्यात उलगडून सांगितलं. ती उंच बाई कमरेवर हात ठेवून ऐकत होती. "एवढंच? मावशी, तुम्हाला मिरवायचं तर मिरवा ना! आमचं पोट भरतं, तुमचं मन भरतं. कुणाचं काय गेलं?"

अम्मीनं कानाला हात लावले. "असं नाय गो बोलायचं." पण रात्री भांडी विसळताना ती मला म्हणाली, "तिचंपण अगदी खोटं नाय. तिला माझ्या मनातलं काय करायचं? तिला ताट दिसतं. मन बघणारा दुसरा हाय." त्या पोरीला तिनं व्हिडिओ काढायला मनाई केली नाही. फक्त म्हणाली, "पातेलं दाखव, मना नको." पोरगी हुशार. तिनं नुसते हात काढले, कांदा चुरणारे. तो व्हिडिओ पहिल्यापेक्षा जास्त फिरला, आणि अम्मीनं तो एकदाही मागितला नाही. निदान माझ्याकडे तरी नाही. वहिनींकडे मागितला असेल तर मला ठाऊक नाही.

रमजान संपत आला तेव्हा त्या बायका एक दिवस दुपारीच दारात आल्या. त्यांना सुट्टी होती. हातात पिशव्या, त्यात वांगी, मिरच्या, ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ. उंच बाई म्हणाली, "आज मावशीनं चुलीकडे यायचं नाही. आज आम्ही करणार, तुम्ही सगळे रोजा सोडणार."

अम्मी तयारच होईना. "तुमी दमलेल्या बायका, एक दिवस सुट्टीचा..." वगैरे सुरू झालं. मी तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "अम्मी, तुला वाढताना जे बरं वाटतं, ते त्यांना वाटू देणार नाहीस का?" ती जाऊन हॉलमध्ये खुर्चीत बसली, हात मांडीवर, एखाद्या परक्या घरी आल्यासारखी. आत वांगी भाजल्याचा वास सुटला, हसणं-खिदळणं सुरू झालं, भाकऱ्या थापल्याचे आवाज येऊ लागले. दर थोड्या वेळानं ती हाक मारायची, "तवा सापडला का?" आणि आतून सगळ्या एकदम ओरडायच्या, "सापडला!"

अजान झाली. आम्ही खजुरावर रोजा सोडला आणि जमिनीवर अंथरलेल्या चादरीभोवती बसलो. वहिनी आणि त्यांचे यजमानही आले. भरीत, कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा. माझ्या नवऱ्यानं दिवसभराच्या रिकाम्या पोटी पहिला घास ठेच्याचा घेतला आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. बायका टाळ्या वाजवून हसल्या. अम्मी त्या दिवशी आमच्याबरोबर, सगळ्यांमध्ये बसून जेवली. उंच बाई तिच्या ताटाकडे लक्ष ठेवून होती. भाकरी संपायच्या आत दुसरी पडत होती. अम्मी म्हणाली, "पुरे गो, साखर वाढेल." ती म्हणाली, "कळण्याच्या भाकरीनं नाही वाढत. खा."

अम्मीनं घास घेतला आणि म्हणाली, "घेणंपण कठीणच असतं. खाली बघून घ्यावं लागतं."

ईदला मामू गावाहून आले. मी सांदणं केली होती, अम्मीसाठी साखर न घातलेली वेगळी. नमाजानंतर मोहल्ल्यातल्या लोकांची ये-जा झाली आणि संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर बायका आल्या, कुणी कामावरच्या कपड्यांतच, कुणी घाईघाईनं केस विंचरून. मामू त्यांच्याशी अदबीनं बोलत होते. त्या उंच बाईला कुणीतरी सांगितलं होतं, की मिठाचा निकाल देणारे मास्तर हेच. ती त्यांच्यासमोर येऊन बसली. "मास्तर, मला एक सांगा. एखादं काम चांगलं का वाईट, हे आमच्यासारख्यानं कसं ओळखायचं? आम्ही किताब वाचत नाही."

मामूंनी तिला टाळलं नाही. म्हणाले, "माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. करण्यापूर्वी स्वतःला विचार, हे कुणासाठी करतेय. मग विचार, यात कुणाचं नुकसान तर नाही, माझं स्वतःचंसुद्धा. कुणाचा हक्क तर मारला जात नाही. आणि एवढं विचारूनही उमगलं नाही, तर मनाकडे बघ. चांगल्या कामानं मन शांत होतं. ज्यानं मन खात राहतं आणि जे लोकांपासून लपवावंसं वाटतं, ते सोडून दे."

ती बाई गंभीरपणे ऐकत होती. मग म्हणाली, "गावाला माझ्या बहिणीचं लग्न शे. मावशीला घेऊन जायचं मनात शे. कुणाचं नुकसान नाही. मावशी नाही म्हणाली, तर माझं मन खात राहील."

मामू अम्मीकडे वळले. "बघ बाई, मोठ्या पेचात टाकलंय तुला."

अम्मी म्हणाली, "एवढ्या लांब? माझी औषधं, माझं इन्सुलिन..." वहिनी म्हणाल्या, "मी येते काकूंबरोबर. इन्सुलिन मला देता येतं, माझ्या सासूबाईंना दिलंय." आणि बोलता बोलता ठरूनच गेलं.

ईदनंतर काही दिवसांनी त्या सगळ्या जीप करून गेल्या. बर्फाच्या डब्यात इन्सुलिन, वहिनींच्या हातात औषधांची पिशवी, आणि अम्मी पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी, त्याला आमच्या कोकणीत रस्ता समजावत, जो तिनं आयुष्यात कधी पाहिला नव्हता. मी दोन दिवस जीव मुठीत धरून होते. दुसऱ्या संध्याकाळी फोन केला तर आधी नुसता ढोल ऐकू आला. मग बायकांचं गाणं, मग वहिनींचा आवाज, "घ्या, बोला काकूंशी."

"अम्मी, जेवलीस का? इन्सुलिन घेतलंस?"

"घेतलं, जेवले. मंडपात बसले होते, तर नवरीच्या आयनं हात धरून मध्ये ओढलंन मना."

"मध्ये म्हणजे कुठे?"

"नाचायला गो! गोल करून नाचतात ह्या. पाय कुठं टाकायचा ते कळत नाय, पण कोण बघतं?" ती धापा टाकत होती आणि हसत होती. "बाय, तू मागून बोल. बोलावतायत मना."

आणि तिनं फोन ठेवून दिला.